रुग्णाभ्यंग: तेल लावायला फादरांना कधी आणि कसं बोलवायचं

माझं माहेर कराडकडचं. आमच्याकडे अभ्यंग म्हणजे नरक चतुर्दशीची पहाट, कोमट तेल, उटणं आणि आजीचं "मान खाली घाल." लग्न होऊन वसईच्या कॅथलिक घरात आले. तीन वर्षांनी सासरे हॉस्पिटलात दाखल झाले, तेव्हा तोच शब्द वेगळ्याच सुरात ऐकू आला. "फादरांना बोलवा, अभ्यंग करून घ्या," असं शेजारच्या काकू म्हणाल्या. त्या म्हणत होत्या तो रुग्णाभ्यंग, म्हणजे धर्मगुरूंनी आजाऱ्याला पवित्र तेल लावून प्रार्थना करण्याचा संस्कार. कुणाला फोन करायचा, काय तयार ठेवायचं, मी खोलीत थांबले तर चालेल का, यातलं मला काहीच माहीत नव्हतं. नवऱ्यालाही माहीत नव्हतं हे नंतर कळलं. घरातलं हे सगळं त्याची आजी बघायची आणि ती गेल्यावर ते कुणीच हातात घेतलं नव्हतं.

सासऱ्यांच्या वेळी आम्ही अकरा दिवस घालवले. "त्यांना कळलं तर ते हाय खातील" हे आमचं कारण. बाराव्या दिवशी पहाटे पाचला फोन केला. फादर अर्ध्या तासात स्कूटरवरून आले, तोवर मॉनिटरच्या वायरी काढून झाल्या होत्या आणि डॉक्टरांनी कागदावर वेळ लिहिली होती. फादरांनी कपाळावर हात ठेवून प्रार्थना केली, पण तेलाची डबी खिशातून काढली नाही. हा संस्कार मेलेल्या माणसाचा नसतो, हे मला त्या सकाळी समजलं.

पुढे सासूबाईंना तीन वेळा तेल लागलं आणि त्या तिन्ही वेळा मी तिथे होते. कॅथलिक घरात सून किंवा जावई म्हणून आलेल्यांसाठी आणि जन्माने कॅथलिक असूनही ही जबाबदारी पहिल्यांदाच अंगावर आलेल्यांसाठी हे लिहिते आहे.

१. चर्चमधली तीन तेलं

चर्चमध्ये पवित्र तेल एकच असतं असं मला वाटायचं. तेलं तीन असतात आणि तिन्हींची कामं वेगळी.

दीक्षार्थींचं तेल बाप्तिस्म्याआधी लावतात, लहान मुलांना छातीवर. रुग्णांचं तेल आजाऱ्याच्या कपाळावर आणि हातांवर लावतात. तिसरं क्रिझ्मा. ते बाप्तिस्म्यानंतर बाळाच्या टाळूवर, दृढीकरणात (बाप्तिस्म्याच्या पुढच्या संस्कारात) कपाळावर आणि नव्या धर्मगुरूंच्या तळहातांवर लावतात. नवीन चर्चची वेदी आणि भिंतीही याच तेलाने अभिषिक्त करतात. बाटल्यांवर लॅटिन नावांची आद्याक्षरं असतात. रुग्णांच्या तेलावर बहुतेक 'ओ आय' आणि क्रिझ्मावर 'एस सी' असं लिहिलेलं दिसेल.

वासावरूनही फरक कळतो. पहिली दोन तेलं साधी असतात. क्रिझ्मामध्ये बाल्समसारखं सुगंधी द्रव्य मिसळलेलं असतं. माझ्या मुलीच्या बाप्तिस्म्यानंतर तिच्या टाळूला दिवसभर एक गोडसर, उदासारखा वास येत होता आणि घरातली प्रत्येक बाई तिला उचलून आधी डोकं हुंगत होती. 'ख्रिस्त' हा शब्दही याच घराण्यातला. ग्रीकमध्ये त्याचा अर्थ तेलाने अभिषेक झालेला, आणि हिब्रूतल्या 'मसीहा'चा अर्थही तोच. इतकी वर्षं मी 'ख्रिस्त' हे आडनाव समजत होते, हे इथे कबूल करून टाकते.

ही तेलं वर्षातून एकदा तयार होतात. ईस्टरच्या आधीच्या पवित्र आठवड्यात, बहुतेक ठिकाणी गुरुवारी सकाळी आणि काही धर्मप्रांतांत सोयीसाठी त्याआधीच्या एखाद्या दिवशी, बिशप, म्हणजे धर्मप्रांताचे प्रमुख, कॅथेड्रलमध्ये (त्यांच्या मुख्य चर्चमध्ये) क्रिझ्माचा मिस्सा, म्हणजे खास उपासना करतात. वसई धर्मप्रांत १९९८ साली मुंबईपासून वेगळा झाला. इथलं कॅथेड्रल म्हणजे पापडीचं कृपामातेचं चर्च. बिशप दोन तेलांना आशीर्वाद देतात आणि क्रिझ्माच्या पात्रावर फुंकर घालून ते पवित्र करतात. जमलेले धर्मगुरूही त्या वेळी हात पुढे करतात. मग प्रत्येक धर्मग्रामाला (एकेका चर्चच्या हद्दीला) आपापला वाटा मिळतो. जुनं तेल गरज नसताना वापरायचं नसतं, ते जाळून टाकतात.

लहान मुलाचा बाप्तिस्मा असेल तर एक व्यवहारातली सूचना. झबलं पुढून बटणांचं घ्या. आम्ही हौसेने मागून चेन असलेला, गळाबंद फ्रॉक घातला होता. छातीला तेल लावायच्या वेळी फादर थांबले, मी चेन शोधत राहिले आणि पोरीने चर्च डोक्यावर घेतलं.

२. कधी बोलवायचं

वाटतं त्याच्या बरंच आधी.

हे तेल मरणाचं नाही, आजारपणाचं आहे. पूर्वी या संस्काराचं नावच 'शेवटचा अभ्यंग' अशा अर्थाचं होतं आणि माणूस अगदी टेकला की फादरांना बोलवायची पद्धत पडली होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने (जगभरातल्या कॅथलिक बिशपांच्या सभेने) १९६३ मध्ये स्पष्ट सांगितलं की याला रुग्णाभ्यंग म्हणणं अधिक योग्य आणि तो केवळ मरणाच्या दारातल्या माणसांसाठी नाही. १९७२ मध्ये पोप पॉल सहावे यांनी विधीच बदलला. त्याआधी डोळे, कान, नाक, ओठ, हात, पाय असं एकेका ठिकाणी तेल लावून त्या त्या इंद्रियाने केलेल्या पापांची क्षमा मागत. आता कपाळ आणि हात एवढंच असतं, आणि प्रार्थनेत आजाऱ्याला उठवून उभं करण्याची विनंती असते.

कागदावर हे बदलून पन्नासहून जास्त वर्षं झाली, तरी घराघरातली भीती गेलेली नाही. तेल लावलं म्हणजे डॉक्टरांनी हात टेकले, असंच लोक धरून चालतात. आमचे अकरा दिवस त्याच भीतीत गेले. सासूबाईंचं खुब्याचं हाड मोडलं तेव्हा मी ऑपरेशनच्या आदल्या दिवशीच विषय काढला. नणंद म्हणाली, "आईला घाबरवू नकोस." सासूबाईंनी ते ऐकलं आणि म्हणाल्या, "घाबरायचं काय त्यात? तुझ्या बाबांना नाही मिळालं, मला तरी मिळू दे."

फादरांना बोलवावं असे प्रसंग सांगते. गंभीर आजाराचं निदान झालं आहे, जिवाला धोका सुरू झाला आहे. आजारामुळे मोठं ऑपरेशन ठरलं आहे. वय झालेलं माणूस दिसेल असं खंगत चाललं आहे, मग ठरावीक आजाराचं नाव नसलं तरी चालतं. समज आलेलं लहान मूल गंभीर आजारी आहे. सर्दीपडसं, दातदुखी, नेहमीची तपासणी यांसाठी हा संस्कार नसतो.

एकदाच मिळतो हाही गैरसमज. माणूस बरं होऊन पुन्हा गंभीर आजारी पडलं किंवा त्याच आजारात प्रकृती आणखी ढासळली, तर पुन्हा घेता येतो. सासूबाईंना तिसऱ्यांदा तेल लागलं तेव्हा त्या म्हणाल्या, "आता इतकं तेल मुरलंय की काडी लावली तर पणतीसारखी पेटेन."

३. 'अंत्यसंस्कार' हा शब्द वापरू नका

हा मुद्दा स्वतंत्र ठेवते, कारण मराठीत बोलणाऱ्यांचीच इथे फजिती होते. इंग्रजीतून विचार करणारी आपली नवी पिढी 'लास्ट राइट्स'चं शब्दशः भाषांतर करून फादरांच्या या भेटीला पटकन 'अंत्यसंस्कार' म्हणून मोकळी होते. हॉस्पिटलच्या गेटवर नवऱ्याने वॉचमनला सांगितलं, "आईच्या अंत्यसंस्कारासाठी फादर येणार आहेत, त्यांना वर सोडा." वॉचमनने खाट क्रमांक विचारला, यादी पाहिली आणि चाचरत म्हणाला, "पण साहेब, या बाईंचं तर उद्या ऑपरेशन आहे." मग वॉर्डला फोन गेला, नर्स धावत खाटेपाशी आली, आणि सासूबाई पेज पीत बसलेल्या. लिफ्टपाशी उभ्या असलेल्या एका नातेवाईक बाईंनी तोवर रडायला सुरुवातही केली होती.

गेटवर, वॉर्डात, फोनवर, सगळीकडे एवढंच म्हणा: "पेशंटसाठी प्रार्थना करायला फादर येताहेत." रुग्णाभ्यंग हा शब्द चर्चच्या ऑफिसात वापरा, तिथे तो लगेच कळतो.

४. फोन कुणाला, आणि काय सांगायचं

घर ज्या धर्मग्रामात आहे तिथल्या चर्चच्या ऑफिसात पहिला फोन करा. हॉस्पिटल लांब असेल, म्हणजे माणूस वसईचं आणि खाट मुंबईत, तर हॉस्पिटल ज्या चर्चच्या हद्दीत येतं तिथल्या फादरांना बोलवणं जास्त लवकर होतं. ख्रिस्ती संस्थांच्या हॉस्पिटलात बहुधा नेमलेले धर्मगुरू असतात, नर्सला विचारलं की कळतं. आपल्या फादरांना तरीही कळवा. गावातल्या प्रार्थना गटाच्या प्रमुख बाईंचा नंबर घरात लिहून ठेवा. रात्री ऑफिस बंद असतं, पण कुठल्या फादरांचा मोबाइल चालू असतो हे या बायकांना बरोबर ठाऊक असतं.

तेल फक्त धर्मगुरू आणि बिशप लावू शकतात. डीकन (धर्मगुरूंच्या खालच्या पदावरचे सेवक), सिस्टर (चर्चच्या धर्मभगिनी), धर्मशिक्षक, घरातलं वडीलधारं माणूस यांना ते करता येत नाही. सिस्टर घरी येऊन ख्रिस्तप्रसाद (मिस्सातली पवित्र भाकर) देतात म्हणून मी त्यांनाच फोन केला होता. त्यांनी मला हळूच दुरुस्त केलं आणि स्वतः फादरांना कळवलं.

फोनवर सांगायच्या गोष्टी आधी कागदावर लिहा. घाबरल्यावर सासूचं नावही आठवत नाही, हे अनुभवाने सांगते.

• आजाऱ्याचं बाप्तिस्म्याचं नाव. गावात सगळे टोपणनावाने हाक मारतात आणि हॉस्पिटलच्या फाइलवर तिसरंच काही असतं. फादर प्रार्थनेत नाव घेतात ते बाप्तिस्म्याचं, आणि वॉर्डात शोधतात ते फाइलवरचं. दोन्ही द्या.
• धर्मग्राम आणि गाव.
• हॉस्पिटल, मजला, वॉर्ड, खाट क्रमांक, आणि तिथे थांबणाऱ्या माणसाचा मोबाइल.
• शुद्ध आहे का, बोलता येतं का.
• गिळता येतं का. ख्रिस्तप्रसाद आणायचा की नाही हे यावर ठरतं.
• संसर्गाचा आजार आहे का, मास्क किंवा गाऊन लागणार आहे का.
• प्रार्थना कुठल्या भाषेत हवी. मुंबईतल्या हॉस्पिटलचे फादर मल्याळी किंवा मंगळुरी असू शकतात आणि इंग्रजीतून सुरू करतात. सासूबाईंना 'नमो मरिया' ही प्रार्थना मराठीतच येते. आम्ही आधी सांगितलं, म्हणून फादर मराठी पुस्तक घेऊन आले.

कागदपत्रं काहीच लागत नाहीत. बाप्तिस्म्याचा दाखला, आधार कार्ड, लग्नाचा दाखला, कुणीही काही मागत नाही. आयसीयूत फादरांना आत सोडण्यासाठी मात्र डॉक्टर किंवा इन्चार्ज नर्सची परवानगी लागते. फादर निघण्याआधी ती घेऊन ठेवा, त्यांना खाली सोफ्यावर बसवून ठेवू नका.

५. खोलीची तयारी

घरी असाल तर खाटेजवळ एक लहान टेबल किंवा स्टूल ठेवा. त्यावर लागतं ते असं: स्वच्छ पांढरं कापड, क्रूस, दोन मेणबत्त्या आणि काडेपेटी, घरात असेल ते पवित्र पाणी, थोडा कापूस, पिण्याचं पाणी आणि चमचा. जुन्या घरांत लिंबाची फोड आणि पावाचा तुकडाही ठेवतात, फादरांच्या बोटाचं तेल काढायला. आमच्या फादरांनी लिंबाकडे पाहून हसून कापूसच घेतला, पण सासूबाईंना ती फोड तिथे हवी होती. तेव्हा ठेवा.

हॉस्पिटलात यातलं फक्त क्रूस आणि कापूस पुरतो. ऑक्सिजन लावलेल्या खाटेजवळ मेणबत्ती पेटवायची नाही, फादरांसमोर बरं दिसावं म्हणूनही नाही.

आजाऱ्याचे केस कपाळावरून मागे घ्या. हात चादरीच्या बाहेर, पोहोचता येतील असे ठेवा. सलाईन कुठल्या हाताला आहे ते बघून दुसरी बाजू मोकळी ठेवा. टीव्ही बंद, मोबाइल सायलेंट.

ख्रिस्तप्रसादाआधी तासभर काही खायचं नाही हा नियम आजाऱ्याला आणि वयस्क माणसाला लागू नाही, त्यांची सेवा करणाऱ्यालाही नाही. मधुमेहाच्या पेशंटला फादर येणार म्हणून उपाशी ठेवण्याचा प्रकार मी पाहिला आहे. तसं करू नका. डॉक्टरांनीच तोंडावाटे काही देऊ नका असं सांगितलं असेल, तर ते आधी फादरांना सांगा.

६. प्रत्यक्षात काय होतं

सावकाश झालं तर पंधरा-वीस मिनिटं, आयसीयूत पाच.

फादर आधी शांती चिंततात आणि पवित्र पाणी शिंपडतात. आजाऱ्याला पापनिवेदन करायचं असेल तर या वेळी सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं. कुणी सांगायची वाट बघू नका, फादरांनी नुसतं दाराकडे पाहिलं तरी उठा. दाराशी घुटमळूही नका. मग पुन्हा आत बोलावतात आणि बायबलमधला उतारा वाचतात. बऱ्याचदा तो याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायातला असतो: आजाऱ्याने मंडळीच्या वडीलजनांना बोलवावं, त्यांनी तेल लावून प्रार्थना करावी. साऱ्या विधीचा आधार हाच आहे.

त्यानंतर फादर काही न बोलता आजाऱ्याच्या डोक्यावर हात ठेवतात. पहिल्या वेळी त्यांना पुढचे शब्द आठवत नाहीत की काय असं मला वाटलं होतं. तसं नसतं, ती शांतता विधीतच आहे. मध्ये खोकू नका, 'आमेन' म्हणू नका.

मग डबी. आमच्या फादरांची डबी स्टीलची, सुपारीच्या डबीएवढी, फिरकीच्या झाकणाची होती. आत तेल हिंदकळत नव्हतं, तेलात भिजलेला कापूस दाबून बसवलेला होता. त्यांनी अंगठा त्या कापसावर टेकवला आणि सासूबाईंच्या कपाळावर लहानसा क्रूस काढला. मग तळहात. सासूबाईंनी पन्नास वर्षं वाडीत भाजी काढली, तळव्यांच्या भेगा काळ्या पडलेल्या. तेल त्या भेगांत शिरून चमकलं. डाव्या हाताला सलाईनची पट्टी होती, तिथे फादरांनी पट्टी न हलवता बोटांच्या पेरांना लावलं. कपाळाला लावताना प्रार्थनेचा पहिला भाग म्हणतात आणि हातांना लावताना दुसरा. भावार्थ असा: या पवित्र अभ्यंगाने प्रभू आपल्या प्रेमाने आणि दयेने पवित्र आत्म्याची कृपा देऊन तुला साहाय्य करो, पापातून सोडवणारा प्रभू तुला तारो आणि उठवो. दोन्ही वेळा 'आमेन' म्हणायचं. आजाऱ्याला जमत नसेल तर आपण म्हणायचं.

आजारी माणूस स्वतः धर्मगुरू असेल तर तळहाताऐवजी हाताच्या मागच्या बाजूला तेल लावायची जुनी रीत आहे. त्यांच्या तळहातांना दीक्षेच्या दिवशी क्रिझ्मा लागलेलं असतं.

शेवटी 'हे आमच्या स्वर्गातील बापा', ख्रिस्तप्रसाद आणि आशीर्वाद. मी कॅथलिक नाही, तरी मला कुणी बाहेर काढलं नाही. ख्रिस्तप्रसादाच्या वेळी मी हात जोडून उभी राहिले. घाई असेल किंवा संसर्गामुळे जवळ जाणं अवघड असेल, तर कपाळावर एकच खूणही पुरते. गंभीर कारण असेल तर बोटाऐवजी कापसाची काडी वापरायलाही परवानगी आहे. म्हणजे "आता काय सगळं होणार नाही" म्हणून बोलवायचं टाळू नका.

७. इथे चुकतं

शुद्ध हरपली म्हणून उशीर झाला असं समजू नका. शुद्धीत असताना त्या माणसाने हे मागितलं असतं, एवढं पुरेसं आहे. मरण आलं आहे की नाही याबद्दल शंका असेल तरी फादर तेल लावतात. शंका उरली नसेल तर मात्र नाही, मग मृतासाठीच्या प्रार्थना होतात. पण बेशुद्ध माणूस पापनिवेदन करू शकत नाही आणि ख्रिस्तप्रसादही घेऊ शकत नाही. जागेपणी बोलवण्यात ही दोन्ही पदरात पडतात.

फी विचारू नका. मी विचारली होती. "फादर, किती द्यायचे?" असं अगदी भटजींना विचारतात तसं. ते म्हणाले, "याचे पैसे नसतात. रिक्षाचे मात्र चालतील, पाऊस आहे." स्वखुशीने काही द्यायचं असेल तर नंतर चर्चच्या पेटीत टाका.

विकत मिळणारं तेल वेगळं. 'अभिषेकाचं तेल' म्हणून बाटल्या विकतात, लोक तीर्थक्षेत्रांहूनही तेल आणतात. भक्तीने घरी लावायला हरकत नाही, पण त्याने हा संस्कार होत नाही. कुणी ते औषधाऐवजी वापरायला सांगत असेल तर त्याला दारातूनच वाटेला लावा. फादर स्वतः तेल लावून झाल्यावर सासूबाईंना म्हणाले होते, "गोळ्या वेळेवर घ्यायच्या."

फादरांकडे डबी नसेल तर काय, हा प्रश्न मला उगाच पडला होता. त्याचं उत्तर मजेशीर निघालं. अगदी गरज पडली तर धर्मगुरू त्या विधीतच तेलाला आशीर्वाद देऊ शकतात, आणि तेल ऑलिव्हचंच हवं असंही १९७२ पासून राहिलेलं नाही, फक्त वनस्पतीचं पाहिजे. म्हणजे स्वयंपाकघरातलं शेंगदाण्याचं किंवा खोबरेल चालेल. तूप चालणार नाही, आणि बाळाच्या मालिशच्या बाटलीतलं बेबी ऑइल बहुतेक खनिज तेल असतं, तेही नाही.

पवित्र आठवड्यात फादर सापडत नाहीत. क्रिझ्माच्या मिस्साच्या दिवशी धर्मप्रांतातले बहुतेक धर्मगुरू कॅथेड्रलमध्ये असतात, नंतरचे तीन दिवस चर्चमध्ये विधींची रीघ. घरात कुणी नाजूक असेल तर त्याआधीच्या आठवड्यात बोलवा. तातडी असेल तर गुड फ्रायडेलाही रुग्णाभ्यंग होतो, संकोच करू नका.

कॅथलिक नसलेल्या आजाऱ्याचं काय, असंही विचारतात. हा संस्कार बाप्तिस्मा झालेल्यांसाठी आहे. इतर ख्रिस्ती पंथांतल्या माणसाला काही विशिष्ट परिस्थितीत देता येतो, ते फादरांनाच विचारावं. बाप्तिस्मा न झालेल्या माणसासाठी फादर प्रार्थना करतात, आशीर्वाद देतात. माझी आई आजारी असताना ते असेच येऊन गेले. आईने त्यांना चहा दिला आणि जाताना हातावर खडीसाखर ठेवली.

८. झाल्यावर

तेल पुसायची घाई नको, ते आपोआप मुरतं. वापरलेला कापूस फादर बरोबर नेतात. राहिला तर कचऱ्याच्या डब्यात टाकू नका, घरी आणून जाळा आणि राख झाडाच्या बुंध्याशी घाला. हॉस्पिटलात नर्स तो लगेच पिवळ्या पिशवीत टाकायला बघते, म्हणून आधीच हातात घ्या.

तारीख आणि फादरांचं नाव डायरीत लिहून ठेवा. सासऱ्यांच्या दफनाच्या वेळी चर्चच्या ऑफिसात नोंदवही उघडून आम्हाला विचारलं होतं, "अभ्यंग झाला होता का? कधी?" त्या रकान्यासमोर आमच्याकडे सांगण्यासारखं काही नव्हतं.

माणूस घरी आलं की चर्चच्या ऑफिसात आजाऱ्यांच्या यादीत नाव घाला. बऱ्याच धर्मग्रामांत महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी घरोघरी ख्रिस्तप्रसाद आणतात. ११ फेब्रुवारी हा लूर्द मातेचा सण आणि जागतिक रुग्ण दिन. त्या सुमारास अनेक चर्चमध्ये आजाऱ्यांसाठी एकत्र मिस्सा होऊन सगळ्यांना तेल लावतात. सासूबाईंचं दुसरं तेल तिथलंच. व्हीलचेअर नेणार असाल तर उताराचा रस्ता कुठल्या दाराला आहे ते आदल्या दिवशी बघून या. आम्ही पुढच्या दाराने गेलो आणि चार माणसांनी त्यांना खुर्चीसकट उचलून पायऱ्या चढवल्या. त्या वरून सगळ्यांना हात करत होत्या.

आता पहिल्या शुक्रवारी त्या सकाळी साडेसातलाच आंघोळ करून, केसांना खोबरेल चोपडून खुर्चीत बसतात. सिस्टर येतात दहाला.